गेमचं नवं एक्सपान्शन आलं की माझा भाऊ रजा का टाकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळतो. नवं एक्सपान्शन, म्हणजे गेमचा नवा वाढीव भाग, आलं की ऑफिसात आजारपण कळवून चार दिवस खोलीबाहेर पडत नाही, ताट तसंच गार होतं. तीनेक महिन्यांत तोच गेमला शिव्या घालत खेळणं सोडतो, आणि दोन वर्षांनी पुढचं आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा काय प्रकार आहे, आणि इंटरनेटवर त्यावरून एवढी भांडणं का होतात?

मी भावाच्या पक्षातली आहे, हे आधीच सांगून टाकते.

२००६ मध्ये मी अ‍ॅरिझोनात एमएस करत होते. रूममेटच्या नादाने गेम घेतला. महिन्याला पंधरा डॉलर भरताना जिवावर यायचं, म्हणून तासाला किती पडले याचा हिशोब मांडायचे. जितकं जास्त खेळू तितकं स्वस्त! माझं पात्र प्रीस्ट, काम हीलरचं. बाकीचे लढतात, आपण त्यांना मरू द्यायचं नाही. आमचं गिल्ड साठेक जणांचं होतं. गिल्ड म्हणजे कायमचा गट. आपलं गणेश मंडळ डोळ्यासमोर आणा, रुसवेफुगवे आणि वैतागलेल्या अध्यक्षासकट. दर शनिवारी रात्री त्यातले चाळीस जण जमून ‘मोल्टन कोअर’ नावाच्या गुहेत उतरायचे. आमची शनिवारची रात्र म्हणजे पुण्यातली रविवार सकाळ, आणि आईचा फोन नेमका तेव्हाच यायचा. “आई, पाच मिनिटांत करते” एवढं बोलेपर्यंत दोन माणसं मेलेली असायची, आणि मग व्हेन्ट्रिलोवर, म्हणजे बोलायच्या सॉफ्टवेअरवर, कोणीतरी थंड आवाजात विचारायचं, प्रीस्ट झोपली का?

त्या गुहेतून मला चार महिन्यांनी एक झगा मिळाला. गेममध्ये वस्तूचा दर्जा नावाच्या रंगावरून कळतो: हिरवं किरकोळ, निळं बरं, जांभळं दुर्मीळ. माझा झगा जांभळा होता. हजेरीचे गुण साठवून, एकदा दुसऱ्या प्रीस्टशी अबोला धरून मिळवलेला. शहरातल्या टपालपेटीजवळ मी तो घालून उगाचच उभी राहायचे. हसू नका, सगळेच राहायचे.

१६ जानेवारी २००७ ला ‘द बर्निंग क्रुसेड’ आलं, गेमचं पहिलं एक्सपान्शन. मध्यरात्री दुकानाबाहेर रांग लावून गेमचा डबा आणला. पहिल्या चोवीस तासांत त्याच्या चोवीस लाख प्रती खपल्या, आणि त्यातले निम्मे लोक आमच्याच सर्व्हरवर (प्रत्येक सर्व्हर म्हणजे गेमचं एक वेगळं जग) असावेत असं वाटत होतं. एका मोठ्या दरवाजातून नव्या जगात शिरायचं होतं. तिथे एवढी गर्दी की स्क्रीन अडकत अडकत चालत होता. पलीकडे लाल, भेगाळलेलं माळरान. त्यात फेल रीव्हर नावाचा घराएवढा लोखंडी राक्षस फिरतो. त्याच्या पावलांनी जमीन हादरते, आवाज येतो, आणि तरीही तो दर वेळी मागूनच येऊन चिरडतो. मला त्याने पहिल्या तासात दोनदा चिरडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रानडुकरं मारायच्या कामाचा मोबदला म्हणून एक हिरवा झगा मिळाला. आकडे पाहिले. माझ्या जांभळ्यापेक्षा सरस होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नाव एक्सपान्शन असलं तरी त्यात बरंच काही पुसलंही जातं. नवी जमीन येते, लेव्हलची मर्यादा वाढते (तेव्हा ६० वरून ७० झाली), आणि त्यापायी जुनी कमाई एका रात्रीत कवडीमोलाची होते. चार महिन्यांचा झगा गेला याचं दुःख झालं, नाही असं नाही. पण त्याच दुपारी काल आलेला पोरगा आणि मी एकाच डुकरामागे धावत होतो. दोन वर्षं पुढे असलेली माणसंही रस्ता विचारत होती. असं पुन्हा कधी होत नाही. महिन्याभराने आलात की पुढचे पुढे गेलेले असतात, आणि मागे राहिलेल्याला सोबत मिळत नाही. शेतकरी वाफसा आला की घरचं कार्यही पुढे ढकलतो. तुमच्या भावाची रजा त्या जातीची आहे. तो चार दिवस गेमला देत नाहीये. सगळे एकाच वेळी अडाणी असतात ते चार दिवस त्याला गाठायचे असतात.

मग तो तीन महिन्यांत सोडतो का? बहुतेक लोक याचं उत्तर ‘कंटाळा’ असं देतात. मला ते अर्धंच वाटतं.

आमच्या गिल्डचं काय झालं ते सांगते. ‘बर्निंग क्रुसेड’मध्ये कंपनीने मोठ्या रेडची, म्हणजे ‘मोल्टन कोअर’सारख्या सामूहिक मोहिमेची, माणसांची संख्या चाळीसवरून पंचवीसवर आणली. कारण रास्त होतं: चाळीस माणसं एका वेळी जमवणं म्हणजे लग्नाच्या पंगती उठवण्यासारखं काम, आणि चाळिसातले दहा जण नुसते उभे असायचे. पण त्या पंचविसाच्या आधी ‘काराझान’ नावाचा किल्ला होता, आणि तिथे दहाच जण जाऊ शकत. करा हिशोब. आमचे चाळीस नियमित लोक. दहा-दहाच्या चार तुकड्या कराव्यात तर प्रत्येक तुकडीला निदान दोन टँक, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारे, आणि दोन-तीन हीलर हवेत. टँक होते पाच. दोन तुकड्या नीट झाल्या, तिसरी रडतखडत, चौथी झालीच नाही.

आमचा गिल्ड लीडर कॅनडातला पन्नाशीचा प्लंबर होता. त्याने नावं वाचून दाखवली तेव्हा व्हेन्ट्रिलोवर पिनड्रॉप शांतता. मी पहिल्या तुकडीत होते, कारण माझी लेव्हल आधी ७० झाली होती, आणि ती झाली होती कारण सेमिस्टर सुरू व्हायला आठवडा होता. दुसरं कर्तृत्व काही नाही. जिच्याशी अबोला धरला होता ती प्रीस्ट तिसऱ्या तुकडीत गेली. ती नर्स होती, तिच्या रात्रपाळ्या होत्या. तीन आठवड्यांत पहिल्या तुकडीकडे चांगल्या वस्तू आल्या, म्हणून ती अजून पुढे गेली, म्हणून तिसरीला वाटायला लागलं की आपण उरलेसुरले. मग पंचवीस जणांच्या रेडची वेळ आली. वीस माणसं ठरलेली होती, पाच जागांसाठी पंधरा उमेदवार. मार्चपर्यंत गिल्ड फुटलं. कोणी कोणाशी वाईट वागलं नव्हतं. कॅलिफोर्नियात बसलेल्या कोणीतरी एक आकडा बदलला होता.

एक्सपान्शनचा खेळाडूंवर परिणाम विचारलात तर मी हेच सांगेन. नकाशा, राक्षस, उडणारी वाहनं हे सगळं दिसतं. माणसांनी किती जणांत बसायचं हे बदललेलं दिसत नाही, आणि फरक त्यानेच पडतो. २००९ च्या डिसेंबरात, दुसऱ्या एक्सपान्शनच्या शेवटच्या टप्प्यात, अशी सोय आली की बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक आपोआप एकत्र येतात. फारच सोयीची. त्याआधी कोणी लूट पळवली तर सर्व्हरभर त्याचं नाव खराब व्हायचं, पुन्हा त्याला कोणी सोबत नेत नसे. आता तो माणूस पुन्हा दिसणारच नव्हता. लोक नमस्कार-चमत्कार सोडून नुसतं ‘गो गो गो’ लिहायला लागले. पुढे नोव्हेंबर २०१४ च्या एक्सपान्शनमध्ये प्रत्येकाला स्वतःचा किल्ला दिला. आपापल्या किल्ल्यात बसा, नोकरांना कामाला पाठवा, वस्तू गोळा करा. लोक उड्या मारत परतले, वर्गणीदार एक कोटीपर्यंत गेले, आणि पुढच्या जूनपर्यंत ५६ लाख उरले. त्या वर्षाअखेर कंपनीने वर्गणीदारांचा आकडा जाहीर करणंच बंद केलं. किल्ला छान होता हो, पण बोलायला तिथे कोणी नव्हतं.

इंटरनेटवरच्या भांडणांचं मूळही यातच आहे. प्रत्येक एक्सपान्शन एका पिढीचं घर असतं, आणि पुढचं येऊन त्यावर नांगर फिरवतं. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ने तर हे शब्दशः केलं: जुने प्रदेश भूकंपाने फोडून नव्याने बांधले. ज्या वाटेवरून तुम्ही पहिल्यांदा चाललात ती वाट गेली, परत जाऊन बघायचीही तेव्हा सोय नव्हती. तेव्हापासून ‘आमच्या वेळी’वाले आणि ‘आठवणींचा गुलाबी चष्मा काढा’वाले असे दोन तट पडले, ते आजतागायत.

शिवाय शोधायची मजाही गेमबाहेर गेली. एक्सपान्शन यायच्या आधी चाचणी आवृत्ती येते, तिच्या फाइली उकरून लोक आधीच सगळं बाहेर काढतात. पहिल्या रात्री कोणती वस्तू कुठे मिळते याचे तक्ते तयार असतात. मग रस्ता विचारायची गरज उरत नाही, आणि विचारलात तर ‘शोध की’ असं उत्तर येतं. २०१८ पासून वरच्या गिल्डांनी नवा रेड जगात सर्वांत आधी जिंकायची शर्यत थेट दाखवायला सुरुवात केली. आता लाखो लोक न खेळता नुसती ती शर्यत बघतात. आपल्याकडे क्रिकेटचं जे झालं तेच. यात वाईट काही नाही, मीही बघते, कांदे चिरताना.

नुसता गोंधळही लोकांना जोडतो, हे मात्र मान्य करायला हवं. ‘फायनल फॅन्टसी १४’ या दुसऱ्याच एका ऑनलाइन गेमचं ‘एन्डवॉकर’ हे एक्सपान्शन डिसेंबर २०२१ मध्ये आलं तेव्हा लॉगिनलाच हजारोंची रांग, आणि रांगेत तासभर काढून एरर येऊन बाहेर. शेवटी कंपनीने गेमची विक्रीच काही आठवडे थांबवली आणि खेळाडूंना फुकट दिवस वाढवून दिले. दुसरी कंपनी गिऱ्हाईक दारात असताना शटर ओढेल का? रांगेतले लोक विनोद करत बसले होते. त्याच गेमच्या फुकट चाचणीची जाहिरात लोकांनी एवढी चघळली की कुठल्याही विषयाखाली कोणीतरी ती घोकून लिहायचंच.

आणि जुन्यांचं म्हणणं? २०१३ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’च्या कंपनीच्याच कार्यक्रमात एकाने विचारलं, जुने सर्व्हर परत आणाल का? व्यासपीठावरून उत्तर आलं की तुम्हाला तसं वाटतं, पण तुम्हाला ते नकोय. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कंपनीने तोच जुना गेम ‘क्लासिक’ म्हणून काढला, आणि पहिल्या दिवशी एका राक्षसाला मारायला लोक रेशनच्या दुकानासारखी ओळ लावून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. गर्दी पाहून आपली आपण ओळ लागली.

मग, अर्थातच, क्लासिकलाही एक्सपान्शन आलं. तेच, ‘बर्निंग क्रुसेड’, जून २०२१ मध्ये. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी पुण्यात, लॉकडाउनमध्ये, मुलगी शेजारच्या खोलीत झोपलेली. भारतात त्यांचा सर्व्हर नाही, त्यामुळे मारलेला मंत्र पाव सेकंद उशिरा लागतो. हीलरला पाव सेकंद फार. पण दरवाजासमोर तीच गर्दी, तोच अडकणारा स्क्रीन. सगळे तक्ते उपलब्ध होते. फेल रीव्हर कुठून कुठे फिरतो त्याचा नकाशा मी दुसऱ्या स्क्रीनवर उघडून ठेवला होता.

विसाव्या मिनिटाला त्याने मला मागून चिरडलं. शेजारी कोणीतरी अनोळखी मरून पडलं होतं, त्याने लिहिलं, “आवाज आला होता ना?” मी म्हटलं, आला होता. मग आम्ही एक गट केला.