आजाराला नाव मिळेपर्यंत जमिनीला हात लावू नका

ताई, तुमचे चार पानी पत्र आणि त्यासोबत वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या हिशोबाचे फोटो मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. लातूरजवळच्या एका गावातल्या या कुटुंबातील दहा वर्षांच्या मुलाचे पाय चौदा महिन्यांपासून अशक्त होत चालले आहेत, अधूनमधून झटके येतात, आणि सोलापूर, पुणे व हैदराबाद मिळून नऊ फेऱ्या झाल्या तरी निदान झालेले नाही. वडिलांचा पगार 24 हजार आणि आईची शिवणकामाची कमाई 8 हजार. घरखर्च 25 हजार, औषधे साडेतीन हजार. बँकेत 2 लाख 40 हजारांची मुदत ठेव आहे, मावसभावाकडून 60 हजार हातउसने घेतलेले आहेत आणि वाट्याला वीस गुंठे जमीन आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी आता मुंबईला जायला सांगितले आहे. प्रवासासाठी जमीन विकावी, सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे घ्यावेत, की मुलाचा फोटो टाकून लोकांकडे मदत मागावी, असे या माउलीने विचारले आहे.

जमीन विकू नका, आणि सावकाराकडे तर अजिबात जाऊ नका. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला 36 टक्के. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालासुद्धा विनातारण कर्जावर बिगरशेतकऱ्याकडून वर्षाला 18 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, तेव्हा हा मनुष्य कायद्याच्या बाहेरचा दर सांगतो आहे.

जमिनीबद्दल नकार देण्याचे कारण वेगळे आहे. निदान झालेल्या आजाराच्या खर्चाला किमान एक अंदाज असतो: अमुक शस्त्रक्रिया, अमुक दिवस, अमुक रक्कम. तुमच्या मुलाच्या आजाराला अजून नावच नाही. खर्च कुठे थांबेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि ज्याचा शेवट दिसत नाही अशा खर्चात एकदाच मिळणारी मोठी रक्कम ओतली की ती नेमकी गरजेच्या दिवशी संपलेली असते. नाव सापडले तर त्यानंतर खरा उपचार, उपकरणे, कदाचित दीर्घकाळ चालणारे औषध सुरू होईल, आणि जमीन त्या दिवसासाठी राहू द्या. गिऱ्हाइकाने इसार देऊ केला आहे असे तुम्ही लिहिले आहे. इसार घेऊ नका आणि कोणत्याही कागदावर सही करू नका.

आता तुमच्याच वहीकडे वळू. नऊ फेऱ्यांत प्रवास, लॉज आणि जेवण मिळून 1 लाख 12 हजार गेले, म्हणजे फेरीला साधारण साडेबारा हजार. शिवाय वडिलांचे 22 दिवस बिनपगारी गेले. दिवसाला 800 रुपये धरले तर ते 17,600 होतात, आणि हा आकडा तुमच्या वहीत कुठेच नाही. प्रत्येक फेरीला आजीसह चार माणसे भाड्याच्या गाडीने गेली. आजीचा जीव नातवात अडकला आहे हे मी समजू शकतो, तरीही तिने धाकट्या नातीजवळ घरी थांबणे हीच या वेळी तिची मोठी मदत ठरेल. आणखी एक गोष्ट पाहून मला फार वाईट वाटले. सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी एकच रक्ततपासणी तीन गावांत तीनदा झाली आहे, आणि एमआरआयची सीडी घरी राहिली म्हणून एक संपूर्ण फेरी वाया गेली आहे. पैसा गाडीभाड्यात जातो तेवढाच असल्या विस्मरणातही जातो.

लातूरहून मुंबईला रात्रीची गाडी आहे. स्लीपरने दोन मोठी माणसे आणि मुलगा, चार दिवसांचा मुक्काम आणि मुंबईतली टॅक्सी धरून फेरी साडेसहा हजारांत बसायला हरकत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. तुमच्या मुलाला तो हवाच, खालचा बर्थ मागा. तब्येत बिघडलेली असेल त्या वेळी मात्र गाडी करा, तिथे काटकसर नको. वर्षाला सहा फेऱ्या धरल्या तर 39 हजार लागतील, आणि घरखर्च व औषधे वजा जाता तुमच्याकडे महिन्याला 3,500, म्हणजे वर्षाला 42 हजार उरतात. मावसभाऊ घाई करत नाहीत असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा हे वर्ष त्यांची परतफेड थांबवून ही शिल्लक फेऱ्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांना रक्कम कमी पडली तर ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावर लागेल तशी उचल, घ्या. बँका सहसा ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असते, आणि जेवढे वापरले तेवढ्यावरच ते लागते. पीएफची उचल शेवटची ठेवा. ती परत भरावी लागत नाही हे खरे, पण म्हातारपणचा पैसा तेवढा कमी होतो.

सरकारी मदतीबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमचा बराचसा मनस्ताप तिथूनच आलेला दिसतो. बहुतेक सवलती आजाराचे नाव विचारतात. रेल्वेची रुग्णसवलत कर्करोग, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मूत्रपिंड, हृदयविकार अशा ठरावीक यादीसाठीच आहे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातून उपचारासाठी 50 लाखांपर्यंत मदत होऊ शकते, पण ती यादीतल्या आजाराचे निदान झाल्यावर, आणि ठरवून दिलेल्या केंद्रामार्फतच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण आहे, परंतु ते भरती झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांना लागू होते, बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्यांना नाही. योजनेतून भरती झालाच तर घरी परततानाचे एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे रुग्णाचे भाडे पॅकेजमध्येच असते. ते आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, आठवणीने विचारा, बहुतेक लोक मागतच नाहीत.

नावावाचून चालणारा एक दरवाजा मात्र आहे, आणि तो दिव्यांग प्रमाणपत्राचा. तिथे मुख्यतः अवयवांचे काम किती कमी झाले हे मोजले जाते. मुलाला चालायला आधार लागत असेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. 40 टक्के किंवा अधिक ठरले तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते, आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांगाला रेल्वेत सोबत्यासह सवलत आहे. तोपर्यंत ताई, एसटीत महिला म्हणून तुमचे तिकीट निम्मे आहेच.

मुंबईचे म्हणाल तर परळचे केईएम रुग्णालय हे त्या राष्ट्रीय धोरणातले मान्यताप्राप्त केंद्र आहे. लातूरहून हैदराबाद जवळ पडते आणि तिथेही असे केंद्र आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही महात्मा फुले योजनेची रुग्णालये मुख्यतः महाराष्ट्रात आहेत, आणि मुलाच्या अंगात काय होते ते आईला स्वतःच्या भाषेत सांगता यावे, याचे मोल मी भाड्याच्या फरकापेक्षा जास्त मानतो. पोहोचल्यावर आधी वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. बहुतेक धर्मशाळांत रुग्णालयाच्या चिठ्ठीशिवाय जागा मिळत नाही. खासगी धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर वार्षिक उत्पन्न 3 लाख 60 हजारांच्या आत असलेल्यांसाठी सवलतीच्या खाटा राखीव असतात. तुमचे उत्पन्न 3 लाख 84 हजार होते, म्हणजे थोडक्यात हुकते. म्हणून तहसीलच्या दाखल्यावर प्रत्यक्ष आकडा काय येतो ते पाहून ठेवा.

कुणी जनुकीय तपासणी सुचवली तर बाहेर पैसे भरण्याआधी ती केईएमच्या माध्यमातून होते का ते विचारा. तिच्यातून दरवेळी उत्तर मिळतेच असे नाही, मोठ्या संख्येने रुग्णांना मिळत नाही. पण तिची मूळ माहितीची फाइल मागून ठेवा. नव्या संशोधनाच्या आधारे तीच फाइल वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासता येते, आणि त्यासाठी मुलाला घेऊन जावे लागत नाही.

मदत मागण्यात कमीपणा नाही. फक्त आज, निदान नसताना आणि रुग्णालयाचे अंदाजपत्रक नसताना, फोटो टाकून केलेल्या आवाहनाला अनोळखी लोक फारसा प्रतिसाद देत नाहीत, आणि मुलाचा चेहरा मात्र कायमचा सगळीकडे राहतो. त्याऐवजी भाऊ, नणंद, मामा यांना प्रत्येकी एका फेरीचे तिकीट काढून द्यायला सांगा. असे ठरलेले आणि आटोक्यातले मागितले की माणसे आनंदाने देतात. सख्ख्या नातेवाइकांकडून आलेल्या रकमेवर कर नसतो. इतरांकडून वर्षात 50 हजारांपेक्षा जास्त आले तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर त्यामुळे कर निघेल असे मला वाटत नाही, पण नोंद ठेवा. मावसभाऊ या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून त्यांचे 60 हजार उसने आहेत हे एका कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवा.

आणि मुंबईचे तिकीट काढण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन करा. या फेरीतून नेमका कोणता प्रश्न सुटायचा आहे, ते एका चिठ्ठीवर लिहून मागा, आणि फोनवर किंवा व्हिडिओवर भागणार असेल तर तेही स्पष्ट विचारा. सगळे अहवाल तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा, झटक्यांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ वेगळे ठेवा, आणि एमआरआयची सीडी आदल्या रात्रीच पिशवीत टाका.