हप्त्यात किती कार्यक्रम घालवायचे?

पत्र लांबलचक आहे, पण प्रश्न एवढाच: नोकरी सांभाळून तुम्ही आठ वर्षं दहा तारांची पेडल स्टील गिटार (आडवी मांडून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची) वाजवता. महिन्याला सरासरी दोन कार्यक्रम मिळतात. आजवर मित्राच्या २० वॅटच्या गिटार अ‍ॅम्पवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर भागवलंत, पण जाड तारा छेडल्या की आवाज फाटतो. आता एक नवा डिजिटल अ‍ॅम्प मनात भरलाय. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), कोरस (एकाचे अनेक आवाज भासवणारा), ट्रेमोलो (आवाज थरथरवणारा) असे सगळे इफेक्ट आतच, वर जुन्या नामांकित अ‍ॅम्पच्या आवाजांच्या नकला. बोनस हातात आहे, पण तो पुरत नाही, म्हणून पूर्ण किमतीचे १२ बिनव्याजी हप्ते. घ्यावा का?

तुमच्या रकमा इथे मांडण्यापेक्षा मी एक माप धरतो: तुमचं एका कार्यक्रमाचं मानधन. या मापाने नवा अ‍ॅम्प १८ कार्यक्रमांचा. बोनस १४ कार्यक्रमांचा. तुम्हीच पाहून ठेवलेला दुसरा पर्याय, म्हणजे वापरलेला, फक्त स्प्रिंग रिव्हर्ब असलेला जुना अ‍ॅम्प, ९ कार्यक्रमांचा. वेगळं डिले पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा, ३ कार्यक्रमांचं.

आधी वाद्याचं बोलू, कारण पैसा नेमका कशाला द्यायचा ते तिथेच ठरतं. स्टीलवादकाचा पाय सतत व्हॉल्यूम पेडलवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर असतो. सूर छेडताना पेडल अर्ध्यावर, आणि तार विझत जाईल तसा पाय दाबत जायचा. त्या लांब सुराची सगळी गंमत याच्यात आहे. म्हणजे छेडतानाच अ‍ॅम्प जोर संपवून बसला, तर पुढे द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. साधी गिटार वाजवणाऱ्याला थोडा फाटलेला आवाज आवडतोही. तुम्हाला तो चालत नाही. म्हणून स्टीलसाठी वॅट मोठेपणासाठी नसतात, शिल्लक म्हणून असतात. पीव्ही कंपनीचा नॅशव्हिल ४०० हा अ‍ॅम्प खास स्टीलसाठी केलेला, २१० वॅटचा आणि १५ इंची स्पीकरचा. त्याचाच धाकटा नॅशव्हिल ११२ हा ८० वॅटचा, १२ इंची. तुमच्या २० वॅटवाल्याकडे ही शिल्लकच नाही, त्यामुळे अ‍ॅम्प बदलायला हवा हे तुमचं म्हणणं खरं. उलट १०० वॅटवरून २०० वॅटवर उडी मारलीत तर मिळतात जेमतेम ३ डेसिबल. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजताना एवढं ध्यानात असू द्या.

आता इफेक्ट्स. 'आतले इफेक्ट्स म्हणजे पैसे वाया' असं म्हणणारे भेटतील. मी त्यांच्यातला नाही. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा अ‍ॅम्प १९६३ सालचा आणि रोलँड कंपनीचा कोरसवाला जेसी-१२० १९७५ सालचा. दोघांचे इफेक्ट पोटातच आहेत आणि दोघांचीही किंमत लोक अजून करतात. शिवाय स्टीलवाल्यासाठी आतल्या इफेक्टचा एक खरा फायदा आहे. व्हॉल्यूम पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसतं, त्यामुळे अ‍ॅम्पमधला रिव्हर्ब किंवा डिले आपोआप त्याच्यानंतर येतो. पाय उचलला तरी प्रतिध्वनीचं शेपूट मोकळेपणी विरत जातं. वेगळं डिले पेडल घेऊन ते चुकून व्हॉल्यूम पेडलच्या आधी जोडलं, तर पाय उचलताक्षणी शेपूट कापलं जातं.

फरक आत की बाहेर याचा नाही. फरक आहे तो वस्तूच्या आयुष्याचा. स्प्रिंग रिव्हर्ब म्हणजे पत्र्याच्या पेटीत ताणलेल्या दोन-तीन स्प्रिंगा, बाहेर दोन वायरी. बिघडला तर स्क्रू काढायचे, दुसरी पेटी बसवायची. स्पीकरही बदलता येतो. डिजिटल अ‍ॅम्पमध्ये मात्र सगळे इफेक्ट, सगळ्या नकला एका बोर्डावर असतात. दोन-तीन वर्षांत त्याच कंपनीची सुधारित आवृत्ती येते आणि तुमच्या डब्याचा भाव उतरतो, मग आतला स्पीकर कितीही ठणठणीत असो. मोबाइल आणि कढई एकत्र चिकटवून विकल्यासारखं आहे ते. कढई वीस वर्षं टिकेल, पण विकायला काढाल तेव्हा भाव मोबाइलचा येईल.

हे मी स्वतः भोगलंय. हौसेने एक कीबोर्ड घेतला, त्यात तीनशेच्या वर आवाज. पहिल्या रविवारी सगळे ऐकले. नंतरच्या दहा वर्षांत वापरले चार. मग त्याचा पडदा काळा पडला. दुरुस्तीवाल्याने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला आणि "याचा भाग आता निघत नाही" म्हणून तसाच परत दिला. कळा सगळ्या शाबूत होत्या.

आता पाच वर्षांचा हिशेब. यातले विक्रीचे भाव माझे अंदाज आहेत, तुमचे वेगळे असतील तर ते घाला. नवा अ‍ॅम्प १८ ला घेतला आणि पाच वर्षांनी ५ ला गेला, तर खर्च १३. जुना अ‍ॅम्प ९, पेडल ३, दुरुस्तीला दीड धरू, मिळून साडेतेरा. शेवटी अ‍ॅम्पचे ७ आणि पेडलचा दीड परत आले, तर खर्च ५. पाच वर्षांत तुमचे कार्यक्रम होतील १२०. पहिल्या मार्गाने दर मानधनातले सुमारे ११ टक्के अ‍ॅम्प खाणार, दुसऱ्याने सुमारे ४ टक्के. विक्रीचा अंदाज थोडाफार चुकला तरी दोन्हींतलं अंतर बुजत नाही.

आणि तो बिनव्याजी हप्ता! १८ भागिले १२ म्हणजे महिन्याला दीड कार्यक्रम. दोनातले दीड तिकडे गेले, की अर्ध्या कार्यक्रमात प्रवास, तारा, वायरी बसवायच्या. ज्या महिन्यात बोलावणंच आलं नाही, त्या महिन्याचा हप्ता पगारातून. विकणाऱ्याला एकदा विचारा, रोख दिले तर किती? बऱ्याचदा जी सूट रोखीवाल्याला मिळते तीच हप्तेवाल्याचं व्याज असते, शिवाय प्रक्रिया शुल्क निराळं.

मला तुमच्या पत्रात जास्त खटकलं ते शेवटी ओझरतं लिहिलेलं वाक्य: अडीनडीचे पैसे दोन महिन्यांच्या खर्चाएवढेच आहेत. घरात कमावणारे तुम्ही एकटे. ही रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाएवढी हवी. त्यामुळे बोनसच्या १४ पैकी ९ जुन्या अ‍ॅम्पला द्या आणि उरलेले ५ सरळ या निधीत टाका. डिले पेडल आत्ता नको. रिव्हर्ब अ‍ॅम्पमध्ये आहेच, तीन-चार महिने तेवढ्यावर वाजवा. मग पेडल हवंसं वाटलं तर कार्यक्रमांच्या पैशातून घ्या, आणि एकच घ्या. पेडलं एकेकटी स्वस्त दिसतात. माझ्या एका अशिलाकडे सात रिव्हर्ब आहेत आणि वाजवतो तो घरी, हेडफोन लावून.

तुमचे महिन्याला सहा-सात कार्यक्रम असते, किंवा दर वेळी वेगळ्या मंडळींबरोबर वेगळे आवाज काढून द्यायचे असते, तर मी नव्याच्या बाजूने बोललो असतो. तेव्हा एक खोका, एक वायर, पाच मिनिटांत मांडामांड याचे पैसे झाले असते. आज तुम्हाला लागतात दोन इफेक्ट.

जुना अ‍ॅम्प पाहायला जाताना स्वतःची गिटार आणि व्हॉल्यूम पेडल न्या, कितीही जड असो. काहीही न जोडता व्हॉल्यूम वर करा आणि गुणगुण किती येते ते ऐका. बटणं फिरवताना खरखर येते का पाहा. अ‍ॅम्पला हलका धक्का दिला की रिव्हर्बमधून ढणढण यायला हवी. नाही आली तर पेटी किंवा तिची वायर गेलेली, आणि तेवढा भाव कमी करून मागा. सगळ्यात जाड तार छेडून पेडल शेवटपर्यंत दाबा. स्पीकरचा कागद खरवडल्यासारखा वाजला तर घेऊ नका. बरेच स्टीलवादक ८०० हर्ट्झच्या आसपासचा भाग कमी करून वाजवतात, तेव्हा मधल्या स्वरपट्ट्याची जागा सरकवणारं बटण आहे का तेही बघा.

राहता राहिला मित्राचा अ‍ॅम्प. आठ वर्षं त्यावर स्टीलच्या जाड तारा वाजल्या आहेत आणि आता तो फाटतोय, म्हणजे स्पीकर दुखावला असण्याची शक्यता आहे. परत करण्याआधी तपासून घ्या. बदलावा लागला तर तो खर्च तुमचा. त्यासाठी निधीतल्या ५ मधला एक कार्यक्रम बाजूला ठेवा.