सील बदलूनही फोर्क गळतोय? आधी पाइप बघ

मित्रा, तू लिहिलंयस की बाइकच्या डाव्या फोर्कचं (पुढच्या चाकाच्या शॉकअपचं) ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी रिंग, पावसाच्या आधी बदलून घेतलं, आता परत पाइपवर तेलाचा ओघळ दिसतोय, मेकॅनिक म्हणतो पुन्हा सील टाकू आणि तुला आता हे काम घरीच करायचंय. कर की, साधा टेलिस्कोपिक फोर्क (एका नळीत दुसरी नळी सरकते तो) असेल तर नक्की जमेल. पण सील आणायच्या आधी पाइप, म्हणजे फोर्कची चकचकीत क्रोमची आतली नळी, बघ. कोरडा पुसून घे आणि सील जिथे वरखाली घासतं तेवढ्या भागावर चारी बाजूंनी नख फिरव. नख अडकलं म्हणजे तिथे गंजाचा खड्डा आहे आणि तोच दर धक्क्याला सीलचं रबर कापतोय, मग नवीन सील टाकलंस तरी त्याचंही तेच होणार. आपल्याकडे मुंबईत खारी हवा, चार महिने पाऊस आणि गाडी बिल्डिंगखाली उघड्यावर, क्रोम टिकणार तरी किती. बारीक कंगोरा असेल तर २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा बारीक पॉलिश पेपर) तेल लावून हलक्या हाताने मार, खड्डा खोल असेल तर पाइपच बदल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना माल मिळतो, पण घेताना सपाट काचेवर लोळवून बघ, वाकलेला असेल तर लगेच कळतं.

नख कुठेच अडकलं नाही तर सीलच्या कडेत माती बसलेली असू शकते. डस्ट सील (ऑइल सीलच्या वरचं, धूळ अडवणारं रबर) हळूच वर सरकव, जुन्या एक्सरेच्या फिल्मची पट्टी काप, टोकाला छोटासा आकडा ठेव आणि सील न् पाइपच्या मधे घालून गोल फिरव. काळा चिखल बाहेर येतो आणि बऱ्याचदा गळती तिथेच थांबते, फोर्क खोलायचीही गरज पडत नाही.

खोलायचाच झाला तर गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली भक्कम टेकू. चाक काढल्यावर कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नको, दोरीने बांध आणि ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबू नको. हँडलजवळचा, फोर्क आवळून धरणारा वरचा क्लॅम्प ढिला करून पाइपच्या तोंडावरची कॅप फोर्क गाडीवर असतानाच थोडी सैल कर, आणि तळाचा अॅलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सैल कर, कारण स्प्रिंगचा दाब गेला की आतला रॉड बोल्टबरोबर नुसता फिरत बसतो आणि मग अर्धा दिवस त्यातच जातो. कॅप शेवटी काढताना तोंड बाजूला ठेव, स्प्रिंग ती उडवते.

नवीन सील घालताना पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढव आणि तेल लाव, नाहीतर धारेवर सीलची कड फाटते. ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. सरळ बसलं पाहिजे, सर्कलिपची (सील जागेवर धरणाऱ्या तारेच्या रिंगची) खाच पूर्ण दिसेपर्यंत. तळाच्या बोल्टचा कॉपर वॉशर नवीनच टाक. तेल फोर्कचंच, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, दोन्ही बाजूंना सारखं मोजून. इंजिन ऑइल ओतायचा सल्ला काहीजण देतात, कृपया नको, जाड तेलाने फोर्क सावकाश उघडतो आणि एकामागोमाग खड्डे आले की दणके थेट हँडलवर येतात. भरल्यावर हळूहळू वरखाली करून हवा काढ, मगच लेव्हल बघ.

सगळं परत जोडून चाकाचा एक्सल आवळल्यावर, फोर्कच्या तळाशी एक्सल धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट घट्ट करायच्या आधी गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाब, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय सरळ रेषेत बसतात. आणि ओघळ ब्रेकच्या डिस्कपर्यंत गेला असेल तर ती ब्रेक क्लीनरने पूस आणि पॅड नवीनच टाक, तेल प्यायलेले पॅड घासून पुन्हा वापरू नको.