वाघापासून किती लांब उभं राहायचं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाघ-सिंहांना शिकवण्याची विद्या हवी आहे, हंटर कसा धरायचा इथपासून सांगा, असं तू लिहिलं आहेस. हंटराचं सांगतो, पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात घे. वाघ, सिंह, बिबट्या यांना खेळासाठी शिकवायला आपल्या देशात १९९८ पासून बंदी आहे आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मला ती योग्यच वाटते. खेळाची ती थोडी मिनिटं सोडली तर जनावराचा सगळा दिवस चाकांवरच्या पिंजऱ्यात जायचा, आणि उपाशी ठेवून, बडवून शिकवणारेही होते. रिंगणाचा नाद सोड. विद्या मात्र सोडू नकोस, तिला प्राणिसंग्रहालयात आज खरं काम आहे.

या विद्येचं सगळं मर्म अंतरात आहे. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी ते फार नेमकं मांडलं. प्रत्येक रानटी जनावराभोवती एक न दिसणारी हद्द असते. तिच्या आत पाऊल टाकलं की ते मागे सरतं. मागे जागाच उरली नाही आणि आपण आणखी पुढे गेलो, की ते अंगावर येतं; ही दुसरी, आतली हद्द. या दोन हद्दींच्या मधल्या पट्ट्यात शिकवणारा उभा असतो. समज, सिंह पिंजऱ्याच्या गजांना टेकलाय आणि तुमच्या मध्ये स्टूल आहे. तू अर्धं पाऊल पुढे टाकतोस. तो थेट तुझ्या रोखाने निघतो आणि वाटेतल्या स्टुलावर चढतो. त्याच क्षणी तू पाऊल मागे घेतोस. अंगावर यायचं कारणच संपतं, आणि तो जिथे आहे तिथे, म्हणजे स्टुलावर, थांबतो. लोकांना वाटतं, हुकूम सुटला आणि सिंह चढला.

हंटर हा त्यात नुसता लांब केलेला हात. चांगला माणूस तो जनावराच्या अंगाला लावत नाही, हवेत वाजवतो किंवा त्याने दिशा दाखवतो. दुसऱ्या हातात काठी आणि तिच्या टोकाला मांसाचा तुकडा. अमेरिकेचे क्लाइड बीटी खुर्ची घेऊन सिंहांसमोर उभे राहत. लाकडी खुर्ची पंजा अडवू शकत नाही. पण चार पाय एकदम तोंडासमोर आले की नेमकं कशावर झेपावं हे सिंहाला ठरवता येत नाही, आणि झेपावलाच तर खुर्चीवर. जोडीला नुसता बार काढणारं पिस्तूल, डरकाळ्या, धावपळ. असला खेळ मला कधीच आवडला नाही.

हॅम्बुर्गचे कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मारझोड टाळून, खाऊ देऊन शिकवायची वाट घातली. प्रत्येक जनावराचा स्वभाव पाहायचा आणि ज्याला हे मानवत नाही त्याला वगळायचं. आपले दामू धोत्रे तुला माहीत असायलाच हवेत. १९०२ साली पुण्यात जन्म, लहानपणापासून सर्कशीत, आणि १९४० च्या सुमारास फ्रेंच शिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याबरोबर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत. बिबट्यांवर त्यांचा विशेष हात होता. सिंह कळपात राहणारा, त्याला शेजार चालतो. वाघ आणि बिबट्या एकटे राहणारे. म्हणून कुणाचं स्टूल कुणाशेजारी, यातच निम्मी अक्कल लागते.

आता तुझ्या कामाचं, म्हणजे प्राणिसंग्रहालयातलं. जाळी मध्ये असणार, आणि ती असलीच पाहिजे. तुझ्याकडे टोकाला चेंडू लावलेली काठी, एक शिट्टी आणि लांब चिमटा. वाघाने जाळीआडून चेंडूला नाक लावलं की तत्क्षणी शिट्टी, मग चिमट्याने मांस. शिट्टीला उशीर झाला तर त्याला वाटणार, मान फिरवली म्हणून मांस मिळालं. मग चेंडू थोडा थोडा सरकवत त्याला जाळीलगत आडवं उभं करायचं, बसवायचं, खालच्या फटीतून शेपटी बाहेर घ्यायची. शेपटीला हात लावू देणं, इथे फार वेळ जातो. घाई करू नकोस. ते जमलं की डॉक्टर शेपटीच्या शिरेतून रक्त काढतात आणि वाघ मांस खात राहतो. एरवी त्याच रक्तासाठी भूल द्यावी लागते, आणि म्हाताऱ्या वाघाला ती झेपेलच असं नाही. त्याला नको असेल तर तो उठून आत जाईल. जाऊ दे. त्यापायी त्याचं रोजचं मांस तोडायचं नाही.

जुन्या प्राणीरक्षकाच्या हाताखाली राहा आणि दोन्ही दारांची कुलपं स्वतः ओढून बघ, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. इतक्यात काठी मागू नकोस. एकच वाघ धर आणि वही घाल: कान मागे कधी पडतात, शेपटीचं टोक कधी हलतं, तू किती जवळ गेलास की तो येरझाऱ्या थांबवतो. दुसरा वाघ घेतलास तर नवी वही. पहिली भरली की मला पाठव, वाचून खुणा करून परत देईन.