चौथा अल्टरनेटर बसवण्याआधी

प्रश्न : माझी 2006 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. गेल्या दीड वर्षात तीन अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा, बॅटरी भरणारा भाग) गेले. दोनदा डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी), एकदा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा). दर वेळी नाना पेठेतून रिकंडिशन केलेला आणून बसवला. बसवला की मेकॅनिक चालू इंजिनवर बॅटरीचा निगेटिव्ह काढून दाखवतो. गाडी बंद पडत नाही, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत! चार-पाच महिन्यांत पुन्हा डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा. हेडलाइटला 100/90 वॅटचे बल्ब आहेत, बॅटरी चार वर्षांची. रोज धायरी ते हिंजवडी जा-ये. माल खराब मिळतोय का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : मालावर संशय नंतर घेऊ. आधी निगेटिव्ह काढून दाखवायची ती करामत बंद करा. चालू इंजिनवर टर्मिनल सुटलं की बॅटरीकडे जाणारा करंट एकदम तुटतो, पण अल्टरनेटरच्या फिरत्या भागातलं, म्हणजे रोटरमधलं चुंबकत्व तितक्या झटकन उतरत नाही. तेवढ्या अवधीत व्होल्टेज उसळतं आणि त्याचा मार डायोडला नाहीतर रेग्युलेटरला बसतो. भाग तिथल्या तिथे मरेलच असं नाही. अर्धमेला होऊन पुढे कधीतरी जातो, म्हणून कुणाला शंका येत नाही. तुमचे नेमके हेच दोन भाग जातायत.

बॅटरीची किंवा अल्टरनेटरची जोडणी ढिली असेल, तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हीच चाचणी करत असतो. म्हणून चौथा बसवण्याआधी टर्मिनल आणि थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. बसवल्यावर मल्टिमीटर घेऊन बॉनेट उघडा. इंजिन साधारण 2000 आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब अल्टरनेटरच्या बी प्लस स्टडवर (जाड वायर जोडलेला बोल्ट), दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, आतल्या शिशाच्या खुंटावरच. क्लॅम्पवर टेकवलात तर क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला गंज मोजलाच जात नाही. इथे 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. 0.5 आला आणि वायरमधून 40 अँपिअर जात असतील, तर 20 वॅट उष्णता त्या वायरीत आणि जोडांत जिरतेय. सोल्डरिंगची छोटी इस्त्री थिंबलला बांधून फिरल्यासारखंच ते. वायरचं प्लास्टिक काळं, कडक झालेलं दिसेल. थिंबल नवं क्रिम्प करा, वायर 16 चौरस मिमीची घाला. मात्र मूळची फ्यूज लिंक (करंट फार वाढला की वितळून वायर वाचवणारा तुकडा) वगळू नका.

मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह खुंट. इथेही 0.2 च्या वर गेलं तर इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी बघा. वीस पावसाळे काढलेल्या गाडीत ती बोल्टखाली हिरवी पडलेली असते. पट्टी स्वस्त आहे, सरळ बदला.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली कोसळत असेल तर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) करून घ्या. थकलेली बॅटरी कधी भरतच नाही आणि अल्टरनेटर दिवसभर तिच्यामागे राबतो. त्यात तुमचे बल्ब. 90 वॅटचे दोन म्हणजे 13 अँपिअर. मूळच्या 55 वॅटला 8 पुरतात. सिग्नलला थांबून थांबून जाणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर आयडलला पूर्ण क्षमतेच्या जवळपासही नसतो, पंख्याची हवाही कमी. आमच्या मते ते बल्ब काढाच. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेऊ नका; 35 एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) असेल तर बाहेरच्या चार्जरवर 3.5 अँपिअरने रात्रभर लावा.

चार्जिंग व्होल्टेज, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवरचं, 13.8 ते 14.5 हवं. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवर मोजा. 0.5 च्या वर दिसलं तर डायोड गळतोय. दुकानदाराला परत करायचा तर लगेच करा. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाच 25-30 दाखवतात. प्रोब उलटे करून शून्य आलं, तर तो मीटर या कामाचा नाही.

एवढं सगळं बरोबर निघालं आणि तरी गेला, तर मात्र माल. बसवताना व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल अल्टरनेटरवर ठिबकत नाही ना, तेवढं बघा. कार्बन ब्रशची त्याने वाट लागते.

प्रश्न : पावसात सकाळी गाडी सुरू केली की फॅन बेल्ट चिरचिरतो. दोनदा आवळला, तरी तेच.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आणखी आवळू नका, अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग जाईल. व्ही बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाने नाही. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल, तर झिजलेला बेल्ट तळाला टेकलाय. तो कितीही ताणला तरी घसरणारच. नवा घाला, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतोच.