सेकंडहँड रायफल स्कोप घेताना वॉरंटी बघावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एअर रायफलवर बसवायला एक वापरलेला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) नव्याच्या निम्म्या किमतीत मिळतोय. विकणारा म्हणतो, "लाइफटाइम वॉरंटी आहे, काळजीच करू नका." बिल मात्र त्याच्याकडे नाही. तर घ्यावा का, आणि त्या वॉरंटीला काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण तो सगळा कंपनीच्या अटींवर अवलंबून आहे, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. आणि वॉरंटी कितीही चांगली असली तरी हातातला स्कोप आज नीट चालतोय की नाही हे ती सांगत नाही. ते तुम्हालाच तपासावं लागेल. मी आजवर चार वापरलेले स्कोप घेतले. त्यांतल्या दोघांनी मला जे शिकवलं ते आधी सांगतो.

पहिला स्कोप ४-१२ पटीचा होता. नळीवर रिंगांचे (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे) ओरखडे नाहीत, काच लख्ख, टरेटचे (नेम सरकवायला फिरवायच्या खुंट्यांचे) क्लिक खणखणीत. झिरो केला, म्हणजे छर्रा नेमाच्याच जागी पडेल असा जुळवला. पहिले आठ दिवस ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या छर्ऱ्यांचे पुंजके) छान पडले. मग छर्रे वर-खाली विखरायला लागले. आडवा फरक नाही, फक्त उभा. मी छर्रे बदलले, रायफलची नळी साफ केली, माउंटचे स्क्रू पुन्हा कसले, स्वतःच्या श्वासाला दोष दिला. यात तीन महिने गेले. शेवटी एका अनुभवी नेमबाजाने रायफल हातात घेतली, टरेट दोन क्लिक फिरवला आणि पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या तीन जुन्याच जागी पडल्या, चौथी आणि पाचवी नव्या जागी. आतली स्प्रिंग दमली होती.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण वापरलेल्या स्कोपचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते, तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. उलटी दिसणारी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात बसवलेली असतात. वरचा आणि बाजूचा टरेट या आतल्या नळीला एका बाजूने रेटतात आणि समोरून स्प्रिंग तिला टरेटवर दाबून धरते. टरेट आत घातला की नळी ढकलली जाते. बाहेर काढला की नळीला परत आणायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग कमजोर झाली की क्लिक वाजतो, आकडा बदलतो, पण नळी तिथेच अडून राहते आणि पुढच्या दोन-तीन धक्क्यांनी हळूहळू सरकते. काच बघून हे कधीच कळत नाही. लख्ख काचेवर भुलून स्कोप घेणारे बरेच जण मी पाहिलेत, त्यांतलाच मी एक.

त्या स्कोपच्या कंपनीने कळवलं की वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला आणि तीही बिल असेल तरच. दुरुस्तीचा जो खर्च सांगितला तो पाहून मी स्कोप कपाटात ठेवून दिला.

दुसरा स्कोप मी मुद्दाम अशा कंपनीचा घेतला जिची वॉरंटी वस्तूबरोबर चालते, मालक कोणीही असो. वर्षभराने त्याच्या रेटिकलचा (आतल्या नेमखुणेचा) दिवा लागेनासा झाला. पाठवला. पाच आठवडे रायफल स्कोपशिवाय पडून होती. परत आला तो वेगळाच स्कोप, कारण जुनं मॉडेल बंद झालं होतं आणि त्याच्या जागी नवं दिलं होतं. रेटिकल वेगळं, आणि नळी एक इंचाऐवजी ३० मिलिमीटरची, म्हणजे माझ्या जुन्या रिंगा निरुपयोगी. तरी मी समाधानी होतो. वॉरंटीचा दावा मान्य होणं आणि तुमचाच स्कोप तुम्हाला परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र तेव्हा पक्कं कळलं.

आता वॉरंटीबद्दल. 'लाइफटाइम' या शब्दावर थांबू नका. कोणाचं आयुष्य? वस्तूचं, पहिल्या मालकाचं, की मॉडेल बाजारात असेपर्यंतचं? उत्तर कंपनीगणिक बदलतं. व्हॉर्टेक्सची व्हीआयपी वॉरंटी पूर्णपणे हस्तांतरणीय आहे. बिल लागत नाही, नोंदणीचं कार्ड लागत नाही, तुम्ही कितवे मालक हे विचारलं जात नाही. हरवणं, चोरी, मुद्दाम केलेली मोडतोड आणि कामात फरक न पाडणारे ओरखडे तेवढे वगळलेत. ल्यूपोल्डची हमीही पहिल्या मालकापुरती नाही आणि तिला कार्ड लागत नाही. इलेक्ट्रॉनिक भागांना मात्र तिथे वेगळी, ठरावीक मुदतीची वॉरंटी आहे. या दोन कंपन्यांचे वापरलेले स्कोप किंमत टिकवून धरतात ते उगाच नाही. अशा स्कोपला मी थोडे जास्त पैसे आनंदाने देतो, कारण मी काचेबरोबर दुरुस्तीचा हक्कही विकत घेत असतो.

पण त्या हक्कापर्यंत तुम्ही पोचू शकता का? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तुमच्या देशात कंपनीचा अधिकृत वितरक किंवा सेवा केंद्र आहे का? नसेल तर स्कोप सीमेपलीकडे पाठवावा लागेल, आणि रायफल स्कोप ही साधी पार्सलची वस्तू नाही. अमेरिकेत रायफल स्कोप निर्यात नियंत्रणाखाली येतात. जाताना आणि येताना कागद लागतात, सीमाशुल्काचा प्रश्न येतो, विमा आणि टपालखर्च येतो. स्वस्त स्कोप असेल तर हा खर्चच त्याच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून कंपनीला लिहा, अनुक्रमांक द्या आणि सरळ विचारा: मी दुसरा मालक आहे, बिल नाही, मी अमुक देशात राहतो, बिघडल्यास स्कोप कुठे पाठवायचा? जे उत्तर येईल तीच तुमची वॉरंटी.

अनुक्रमांकाने आणखी एक गोष्ट कळू शकते: स्कोप खरा आहे की नकली. ल्यूपोल्डने आपल्या नावाच्या नकली स्कोपांबद्दल जाहीर इशारे दिले आहेत, आणि नकली मालाला हमी लागू नाही हे उघडच आहे. नावाजलेल्या नावाचा, महागड्या मालिकेतला स्कोप अगदी स्वस्तात मिळत असेल आणि विकणारा अनुक्रमांकाचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथून उठा.

तुमची रायफल स्प्रिंगची आहे की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), हे तुम्ही लिहिलं नाही. ते फार महत्त्वाचं आहे. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन थांबतो त्या क्षणी ती पुढे खेचली जाते. हा दुहेरी धक्का आहे. काडतुसाच्या रायफलीसाठी केलेले काही उत्तम, महाग स्कोपही या उलट्या धक्क्याने सैल झालेले आहेत, कारण त्यांच्यातली भिंगं मागच्या दिशेचा धक्का सोसायच्या हिशोबाने बसवलेली होती. तेव्हा विकणाऱ्याला विचारा की हा स्कोप आजवर कुठल्या रायफलीवर होता. तुमची रायफल स्प्रिंगची असेल तर स्कोप त्यासाठी चालतो असं कंपनीने लिहिलंय का, आणि वॉरंटीच्या मजकुरात एअर रायफलबद्दल काय म्हटलंय, हेही वाचा. पीसीपी असेल तर ही चिंता जवळजवळ नाही. तिथे पॅरॅलॅक्स बघा. अनेक साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांना कायमचा बसवलेला असतो, आणि १० ते २५ मीटरवर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर (नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकतं. तो दोष नाही, वॉरंटीत बसत नाही. तो स्कोप तुमच्या कामाचाच नाही, इतकंच.

तपासणीतला सगळ्यात उपयोगी भाग गोळी न झाडता होतो. स्कोप जड शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशव्यांमध्ये असा बसवा की तो अजिबात हलणार नाही. बरोबर ५० मीटर मोजून तिथे भिंतीवर उभी टेप लावा. क्रॉसहेअर टेपच्या वरच्या खुणेवर आणा आणि टरेट 'अप'च्या दिशेने १० मिल (मिल हे कोनाचं माप) फिरवा. क्रॉसहेअर टेपवर बरोबर ५० सेंटिमीटर खाली यायला हवं, कारण १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर आणि ५० मीटरवर त्याच्या निम्मं. एमओएचा (कोनाच्याच दुसऱ्या मापाचा) स्कोप असेल तर १०० मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, त्यावरून ५० मीटरचा हिशोब करा. मग टरेट परत शून्यावर आणा. क्रॉसहेअर मूळ खुणेवर आलं पाहिजे. आलं नाही, तर टरेटच्या टोपीवर बोटाने टिचकी मारा. टिचकीने क्रॉसहेअर उडी मारून जागेवर गेलं, तर समजा माझ्या पहिल्या स्कोपचा आजार इथेही आहे. खाली येताना ते टेपच्या रेषेवरून आडवं सरकत असेल तर एक तर स्कोप तिरका बसलाय किंवा रेटिकल आत फिरलंय. स्कोप सरळ करून पुन्हा बघा.

त्याच बैठकीत झूम लहानापासून मोठ्यापर्यंत फिरवा. क्रॉसहेअरचा मध्य लक्ष्यावरून हलायला नको. दोन्ही टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठे जड, कुठे पोकळ लागत असेल तर तो स्कोप नको.

काचेची तपासणी सोपी आहे. विजेरी तिरकी धरून दोन्ही टोकांनी आत बघा. जाळीसारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि बुरशी कोटिंग खाते, पुसून जात नाही. धुळीचा एखादा कण चालतो. थंड जागेतला स्कोप उबदार खोलीत आणल्यावर बाहेरच्या काचेवर बाष्प येणं स्वाभाविक आहे. आतल्या बाजूला आलं तर भरलेला नायट्रोजन किंवा आर्गॉन निघून गेलाय आणि सील गेलंय. पुढच्या भिंगाच्या कड्यावर पान्याचे ओरखडे असतील तर कोणीतरी तो उघडलाय. अशा स्कोपवर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि मी तिला दोष देणार नाही.

नळीवर रिंगांचे हलके व्रण असतील तर घाबरू नका. पण बोट फिरवल्यावर खड्डा लागला तर सोडून द्या. रिंगांचे स्क्रू सहसा १५ ते १८ इंच-पौंडांपर्यंतच (हे पिळाच्या जोराचं माप) कसायचे असतात. हाताच्या जोरावर कसणारे सहज त्यापलीकडे जातात आणि चेपलेली नळी आतल्या नळीची हालचाल अडवते.

एका प्रकारच्या स्कोपला मात्र वॉरंटीचा विचार लावूच नये. टेक्सासमधल्या एल पासोला बनलेले जुने वीव्हर, किंवा पिट्सबर्गचे उनर्टल. ते बनवणारे मूळ कारखाने केव्हाच बंद झाले. असा स्कोप घ्यायचा तो आवडीने, चालू स्थितीत तपासून, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा कारागीर शोधायची तयारी ठेवून. माझ्याकडे असा एक आहे आणि तो मी कधीच विकणार नाही.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं ते सांगतो. स्कोप हस्तांतरणीय वॉरंटीच्या कंपनीचा असेल, तुमच्या देशात तिचा वितरक असेल आणि अनुक्रमांक खरा निघाला, तर निम्म्या किमतीत तो घेतला असता, बिलाशिवायसुद्धा. वॉरंटी पहिल्या मालकापुरती असेल तर ती शून्य धरून भाव केला असता आणि टेपची परीक्षा झाल्याशिवाय पैसे दिले नसते. स्कोप मुळात अगदी स्वस्त वर्गातला असेल तर वापरलेला घेतलाच नसता, कारण त्या वर्गात नव्यावरची वॉरंटी हाच किमतीतला मोठा भाग असतो आणि तो तुम्हाला मिळतच नाही.

आज विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागवा: अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो, स्कोप आधी कुठल्या रायफलीवर होता याचं उत्तर, आणि तपासायला दोन दिवस. इथे खाली कंपनी आणि मॉडेल लिहिलंत तर त्या स्कोपच्या अटी बघून मी पुढचं सांगेन.