तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं: अपघात झाला तर जबाबदार कोण?

तुमचा प्रश्न असा: तिकीट एका विमान कंपनीकडून घेतलं, विमान तिच्या भागीदार कंपनीनं उडवलं आणि ते कोसळलं, तर दोष कोणावर? यात दोन वेगळी भांडणं आहेत. एक वारसांचं कंपन्यांशी, दुसरं कंपन्यांचं आपापसात. दुसरं मिटेपर्यंत पहिल्यानं थांबायचं काहीच कारण नाही, आणि 'आधी त्यांना विचारा' म्हणत घरच्यांना इकडून तिकडे फिरवणं मला अक्षम्य वाटतं.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. ज्या कंपनीच्या नावानं तिकीट निघालं ती संपूर्ण प्रवासाला जबाबदार. जिनं विमान उडवलं ती आपल्या टप्प्यापुरती. दावा एकीवर लावायचा की दोघींवर, हे कलम ४५ नुसार वारस ठरवतात. एकीवरच लावला तर ती दुसरीला खटल्यात ओढू शकते, मात्र भरपाई दुप्पट होत नाही. १७ जुलै २०१४ रोजी पाडलं गेलेलं एमएच १७ मलेशिया एअरलाइन्सचं होतं, पण त्याच उड्डाणाला केएलएमचा केएल ४१०३ हा नंबरही होता. असा दुहेरी नंबर म्हणजे कोडशेअर.

इंटरलाइन मात्र वेगळं. तिथे एकाच तिकिटावर पहिला टप्पा एका कंपनीच्या नंबरावर आणि दुसरा दुसरीच्या नंबरावर असतो. अशा वेळी साधारणपणे ज्या टप्प्यात अपघात झाला तिथली कंपनीच जबाबदार धरली जाते (कलम ३६). म्हणून ई-तिकिटावरचा प्रत्येक टप्प्याचा फ्लाइट नंबर आणि त्याखालची 'ऑपरेटेड बाय' ही बारीक ओळ बघा. वकील सगळ्यात आधी तेच मागतो.

२८ डिसेंबर २०२४ पासून मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी प्रत्येक प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआरपर्यंतचं (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) सिद्ध झालेलं नुकसान कंपनीला चूक नसली तरी द्यावं लागतं. त्यावरच्या रकमेतून सुटायचं तर आपला निष्काळजीपणा नव्हता, किंवा दोष पूर्णपणे तिसऱ्याचाच होता, हे तिनंच सिद्ध करायचं.

आता आपापसातलं भांडण. ते भागीदारी करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमावर चालतं. साधारण रीत अशी की अपघाताचा भार विमान उडवणारी कंपनी उचलते, तिकीट-आरक्षणातल्या चुकांचा भार विकणारी. उडवणारीच्या विमा पॉलिसीत विकणारीचं नाव जादा विमाधारक म्हणून घातलेलं असतं. वाद पेटतो तो सुरक्षा ऑडिटवरून. भागीदाराच्या प्रशिक्षणात त्रुटी दिसल्या होत्या आणि तरी तिकिटं विकणं चालू ठेवलं, असं कागदावर निघालं तर विकणारीची ढाल पातळ होते. किती, ते कराराच्या शब्दांवर.

चौकशी अहवालाकडून मात्र भलती अपेक्षा नको. आंतरराष्ट्रीय नियमांच्या परिशिष्ट १३ नुसार चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नाही. अमेरिकेत तर एनटीएसबी या तिथल्या अपघात-चौकशी संस्थेचा अहवाल भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतच नाही. २००९ मध्ये बफेलोजवळ कोसळलेलं ३४०७ हे उड्डाण कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या 'कॉन्टिनेंटल कनेक्शन' या नावाखाली होतं, पण विमान उडवत होती कोल्गन एअर. अहवालानं मुख्य कारण म्हणून स्टॉलचा (पंखांची उचल संपून विमान खाली येण्याचा) इशारा मिळाल्यावर कॅप्टननं दिलेला चुकीचा प्रतिसाद नोंदवला आणि कोल्गनच्या कार्यपद्धतीतल्या उणिवाही दाखवल्या. तरीही खटले कोल्गनसोबत कॉन्टिनेंटलवरही झाले.

वारसांसाठी दोन गोष्टी. तातडीची आगाऊ रक्कम घेतल्यानं हक्क जात नाही, ती नंतरच्या भरपाईतून वळती होते. पण त्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील, किंवा 'सर्व संबंधित कंपन्यांना मुक्त करतो' असं असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. एका सहीनं दोन्ही कंपन्या सुटू शकतात. आणि मुदत दोन वर्षांची, विमान पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढेल असं धरून चालू नका. देशांतर्गत उड्डाण असेल तर त्या देशाचा कायदा बघावा लागतो, पण तोच टप्पा आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग असेल तर मॉन्ट्रियल करार तिथेही लागू होऊ शकतो.